निराधार नगरे : वायुग्रहाची कल्पना आणि मराठी विज्ञानकथेतील स्थलरचना

१

'हवेत इमले बांधणे' हा मराठीतील वाक्प्रचार निंदाव्यंजक आहे. एखाद्या विधानाला सत्याचे बळ नसले की ते 'बिनबुडाचे' ठरते. आरोप खोटा असला की तो 'निराधार', आणि ज्याला कोणी उरले नाही ते मूलही 'निराधार'च. 'मूलभूत', 'पायाशुद्ध', 'भक्कम', 'ठाम' या आपल्या प्रशंसावाचक शब्दांच्या तळाशी कोठे ना कोठे जमीन आहे. जयंत पवार यांनी गिरणगावातील एका कुटुंबाची शोकात्मिका लिहिली, तेव्हा तिला 'अधांतर' हे नाव दिले आणि प्रेक्षकाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. मराठी भाषेत अधांतरी असणे ही स्थिती नसून आपत्ती आहे.

अशा भाषेत, ज्या ग्रहाला जमीनच नाही, त्या ग्रहावरील वस्तीची कथा कशी लिहिली जाईल, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. गुरू, शनी यांसारख्या वायुग्रहांवर तरंगणारी नगरे आणि तेथील जीवसृष्टी ही जागतिक विज्ञानसाहित्यातील सुपरिचित कल्पना आहे. मराठीत मात्र तिला ठळक स्थान मिळालेले नाही. याचे कारण मराठी लेखकाची वैज्ञानिक माहिती अपुरी पडते हे नव्हे, असे माझे मत आहे. प्रश्न स्थलरचनेचा आहे, आणि स्थलरचनेचा प्रश्न अखेर भाषेचा असतो. तो नीट मांडायचा तर प्रथम आपल्याच परंपरेतील आकाशनगरांकडे आणि नंतर पदार्थविज्ञानाकडे वळावे लागेल. साहित्याच्या नियतकालिकात दाब, तापमान आणि घनता यांची चर्चा काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल, परंतु विज्ञानकथेच्या समीक्षेला ती टाळता येणार नाही. छंदाचे ज्ञान नसताना ओवीची चिकित्सा करता येत नाही, तसेच हे आहे.

२

भारतीय परंपरेत आकाशनगराच्या दोन स्वतंत्र कल्पना आढळतात आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिली गंधर्वनगराची. क्षितिजावर मेघांत किंवा तापलेल्या हवेत दिसणारे आभासी नगर हे वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त शुभाशुभाचे चिन्ह म्हणून येते, तर गौडपादाच्या कारिकांत ते स्वप्न आणि माया यांच्या पंक्तीला, जगाच्या मिथ्यात्वाचा दृष्टांत म्हणून बसते. मराठी वाचकाला अद्वैतपर विवेचनातून परिचित झाले ते हे दुसरे गंधर्वनगर. त्यात कोणी राहत नाही. तसे ते राहण्यासाठी नाहीच. दिसणे आणि नसणे एवढेच त्याचे कार्य.

दुसरी कल्पना वसलेल्या आणि शस्त्रसज्ज नगरांची आहे. महाभारताच्या वनपर्वात, द्यूताच्या वेळी आपण हस्तिनापुरात का नव्हतो याचे उत्तर देताना श्रीकृष्ण शाल्वाच्या सौभाची हकीकत सांगतो. सौभ हे आकाशसंचारी नगर. ते द्वारकेवर चालून येते आणि शेवटी सुदर्शनाने छेदले जाऊन कोसळते. कर्णपर्वात त्रिपुराची कथा आहे. तारकासुराच्या तीन पुत्रांसाठी मयासुराने रचलेली ही तीन पुरे: सोन्याचे स्वर्गात, रुप्याचे अंतरिक्षात, लोखंडाचे भूमीवर. आपल्याकडील त्रिपुरी पौर्णिमा त्यांच्याच दहनाची.

येथे अभ्यासकाने एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. त्रिपुराला मिळालेल्या वराला अट आहे. सहस्र वर्षांनी ही तीन पुरे एकत्र येतील आणि त्या वेळी एकाच बाणाने त्यांचा भेद करू शकेल तोच त्यांचा नाश करील. कथा चालते ती या अटीवर. असुरांचे सामर्थ्य, देवांची अगतिकता, शिवाचा रथ, बाण सोडण्याचा नेमका क्षण हे सर्व त्या एका अटीतून निघते. पुराणकथेत वर हा कधीच मोकळा नसतो. त्याला कोठेतरी फट असते आणि कथानक त्या फटीतून आत शिरते. चांगल्या विज्ञानकथेत निसर्गनियमाचे स्थान नेमके हेच असते. तो लेखकाच्या मार्गातील अडसर नसतो. तो वराची अट असतो. ज्या विज्ञानकथेत अट नाही, तिच्यात नगर कितीही उंच तरंगले तरी ते गंधर्वनगरच राहते.

३

पाश्चात्त्य साहित्यातील तरंगत्या नगरांचा येथे धावता उल्लेख पुरेसा आहे. स्विफ्टच्या 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मधील (१७२६) लापुटा हे चुंबकाच्या बळावर तरंगणारे बेट. त्याचे वैशिष्ट्य असे की ते राजाच्या मुलखाबाहेर जाऊ शकत नाही, कारण त्याला उचलून धरणारा खनिज पदार्थ त्याच मुलखाच्या पोटात आहे. खालच्या प्रजेने बंड केले तर राजा बेट त्यांच्या डोक्यावर आणून ऊन आणि पाऊस अडवतो. वरचे नगर खालच्या शेतावर जगते आणि त्याच शेतावर सावली धरते, हे स्विफ्टने पाहिलेले राजकारण आजही शिळे झालेले नाही.

१९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटातील बेस्पिन या वायुग्रहावर तरंगणारे मेघनगर हे बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढचे उदाहरण. तेथे वायूचे खाणकाम चालते आणि माणसे उघड्या सज्ज्यावर उभी राहून मोकळा श्वास घेतात. लापुटाच्या खाली प्रजा होती, बेस्पिनच्या खाली काहीच नाही. साहित्यदृष्ट्या हा फरक फार मोठा आहे, परंतु चित्रपट त्याचे काहीच करीत नाही. त्याला एक देखणी पार्श्वभूमी हवी होती, ती मिळाली.

आर्थर क्लार्कची 'अ मीटिंग विथ मेडुसा' (१९७१) ही दीर्घकथा मात्र वेगळ्या जातीची आहे. तिचा नायक तापवलेल्या हायड्रोजनच्या फुग्यातून गुरूच्या वातावरणात उतरतो. फुग्यात हायड्रोजन का आणि तो तापवलेला का, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतील त्याला वायुग्रहाची अट समजली असे म्हणता येईल.

४

गुरूचे वातावरण मुख्यत्वे हायड्रोजनचे आहे. रेणूंच्या संख्येने पाहता शंभरात सुमारे शहाऐंशी हायड्रोजनचे, उरलेले बहुतेक हेलियमचे, आणि मिथेन, अमोनिया, पाणी ही अल्प प्रमाणात. पृथ्वीवर फुगा तरंगतो, कारण हवेपेक्षा हलका वायू आपल्याला सहज मिळतो. गुरूवर सभोवतालचा वायूच विश्वातील सर्वांत हलक्या वायूचा बनलेला आहे. त्याहून हलके काय आणणार? शुद्ध हायड्रोजन भरला तर हेलियमच्या मिश्रणापेक्षा तो किंचित हलका ठरतो, पण तेवढ्यावर नगर उचलले जात नाही. मार्ग उरतो तो उष्णतेचा. तेथे तरंगायचे तर सतत तापत राहावे लागते.

नगर कोणत्या थरात ठेवावे हाही प्रश्न सोपा नाही. पृथ्वीच्या समुद्रसपाटीइतका दाब ज्या पातळीवर आहे तेथे तापमान शून्याखाली सुमारे १०८ अंश सेल्सिअस. ऊब हवी तर खाली उतरले पाहिजे. आपल्या खोलीतील तापमान जेथे मिळते तेथे दाब सहा-सातपट झालेला असतो. समुद्रात साठ मीटर खोल गेलेल्या पाणबुड्यावर साधारण एवढाच दाब पडतो. या पातळीवर भोवतालच्या वायूपेक्षा शंभर अंशांनी अधिक तापवलेला एक घनमीटर हायड्रोजन सुमारे पाव किलोपेक्षा थोडे कमी वजन उचलतो. पृथ्वीवर एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो उचलतो, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे. एक लाख टन वजनाचे, म्हणजे नगर म्हणण्याच्या दृष्टीने लहानसेच, नगर तरंगत ठेवायला जवळजवळ एक किलोमीटर व्यासाचा तप्त गोल लागेल. हे गणित साधे आहे. वायूंच्या नियमावरून बारावीचा विद्यार्थीही ते करू शकेल. कथालेखकाने ते एकदा तरी स्वतः करावे, कारण त्यातून नगराची आकृती दिसू लागते: वर प्रचंड रिकामा घुमट आणि खाली त्याला लटकलेली चिमुकली वस्ती.

आता या वस्तीत श्वास कोणता घ्यायचा? आपली हवा भोवतालच्या वायूच्या सुमारे बारापट जड आहे. (शुक्रावर नेमके उलटे आहे. तेथील कर्बद्विप्राणिल वायूत आपली हवाच फुग्याचे काम करते, म्हणून तरंगत्या वस्तीसाठी शास्त्रज्ञ गुरूपेक्षा शुक्राकडे अधिक आशेने पाहतात. १९८५ मध्ये सोव्हिएत 'वेगा' मोहिमेचे दोन फुगे शुक्राच्या मेघांत सुमारे दोन-दोन दिवस तरंगलेही.) गुरूवर घरातील हवा हेच घराचे ओझे. सातपट दाबाला नत्रवायू माणसाला गुंगी आणतो, म्हणून खोल समुद्रातील पाणबुड्यांप्रमाणे हेलियम आणि थोडा प्राणवायू यांचे मिश्रण घ्यावे लागेल. अशा मिश्रणात माणसाचा आवाज चिरका, बदकासारखा होतो. वायुग्रहावरील नगरातला प्रेमसंवाद, कीर्तन आणि राजाज्ञा ही सर्व त्या आवाजात होतील. हे हास्यास्पद वाटते खरे, परंतु तेथे जन्मलेल्याला ते हास्यास्पद वाटणार नाही. हा फरक ज्या लेखकाला पकडता येईल त्याला कथा सापडली.

अग्नीचेही असेच उलटे होते. पृथ्वीवर हायड्रोजन जळतो, कारण भोवती प्राणवायू असतो. हायड्रोजनच्या महासागरात प्राणवायूच इंधन ठरतो. घराच्या भिंतीला फट पडून आतला प्राणवायू बाहेर जाऊ लागला आणि ठिणगी पडली, तर ज्योत भिंतीच्या बाहेरच्या अंगाला लागेल. बेस्पिनचा उघडा सज्जा याच कारणाने अशक्य आहे.

वादळाविषयी एक सूचना. गुरूवर वारे भयंकर आहेत. ७ डिसेंबर १९९५ रोजी 'गॅलिलिओ' यानाने सोडलेले उपकरण गुरूच्या वातावरणात शिरले आणि सुमारे ५८ मिनिटे माहिती पाठवत राहिले. त्याला ताशी सहाशे किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा मिळाला, आणि खोल जाताना तो मंदावला नाही. पृथ्वीच्या बावीसपट दाबाच्या पातळीवर, सुमारे दीडशे अंश तापमानात ते निकामी झाले. तथापि वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या नगरात हा वारा जाणवणार नाही, कारण फुग्यात बसलेल्याला वारा लागत नाही. नगरवासीयाला भय वाऱ्याचे नाही, वाऱ्याच्या दोन थरांमधील फरकाचे आहे. नायकाचे केस उडवणारा झंझावात लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

गुरुत्वाकर्षण अडीचपट असल्याने साठ किलोच्या माणसाला तेथे दीडशे किलोचा भार पेलावा लागेल. तरंगण्याच्या गणितात याने फरक पडत नाही, कारण बाजूला सारलेल्या वायूचे वजनही अडीचपट होते. परंतु गुडघ्यांच्या आणि दोरखंडांच्या गणितात पडतो. या दृष्टीने शनी अधिक सोयीचा आहे. तेथील मेघांच्या पातळीवरील गुरुत्व पृथ्वीच्या जवळपास आहे.

शेवटचा मुद्दा धातूंचा. नगराला मिथेनमधून कर्ब मिळेल, अमोनियातून नत्र, मेघांतून पाणी. लोखंड मिळणार नाही. जे लोखंड ग्रहाच्या पोटात आहे ते कायमचे हाताबाहेर आहे. खिळा हातातून निसटला तर तो पुन्हा दिसणार नाही. खिळा हे तेथील सोने होईल, आणि त्रिपुरातील सोने-रुपे-लोखंड ही उतरंड उलटी होईल.

५

जीवसृष्टीच्या शक्यतेचा विचार कार्ल सेगन आणि एडविन साल्पीटर यांनी १९७६ च्या शोधनिबंधात पद्धतशीरपणे केला. त्यांनी चार प्रकारचे जीव कल्पिले: सावकाश बुडत जाणारे, फुग्यासारखे तरंगणारे, शिकार करणारे आणि खालच्या थरातील अवशेषांवर जगणारे. बुडणाऱ्या जीवापुढची अट विलक्षण आहे. खालच्या उष्णतेत होरपळण्यापूर्वी त्याचे पुनरुत्पादन झाले पाहिजे, आणि त्याची पिले वर जाणाऱ्या प्रवाहात सापडली पाहिजेत. आयुष्य म्हणजे एका पतनाचा कालावधी. सूर्यप्रकाश पृथ्वीच्या सुमारे सत्ताविसाव्या हिश्श्याइतका. 'गॅलिलिओ'चे उपकरण ज्या ठिकाणी उतरले तेथे अपेक्षेपेक्षा फारच कोरडे वातावरण मिळाले, पण पुढे 'जुनो' यानाच्या निरीक्षणांवरून २०२० मध्ये विषुववृत्तीय प्रदेशात पाण्याचे प्रमाण रेणूंच्या सुमारे पाव टक्का असल्याचे दिसून आले. २०२१ मधील एका अभ्यासाने असेही दाखवले की पाण्याच्या उपलब्धतेचा एकच निकष लावला तर गुरूच्या मेघांचे काही थर जीवाला चालण्याजोगे आहेत. शुक्राचे मेघ मात्र त्या मर्यादेच्या शंभरपटीहून अधिक खाली आहेत. जीव तेथे आहे असा याचा अर्थ नाही.

या विषयाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध मराठीच्या अभ्यासकाने जाणून घेण्याजोगा आहे. डॉ. जयंत नारळीकर (निधन २०२५) यांचे केंब्रिजमधील मार्गदर्शक फ्रेड हॉइल यांनी 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७) या कादंबरीत स्वतः विचार करणारा आंतरतारकीय मेघ कल्पिला होता. नारळीकरांनी पुढे मेघांतील नव्हे, पण आकाशातील जीवाचा प्रत्यक्ष शोध घेतला. २००१ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. दुसऱ्या फुग्याबरोबर ४५९ किलोची उपकरणे होती. हैदराबाद आणि पुणे येथील दोन संस्थांनी नमुन्यांची स्वतंत्र तपासणी केली. २००९ मध्ये इस्रोने जाहीर केले की सापडलेल्या जीवाणूंत तीन जाती सर्वस्वी नव्या आहेत. त्यांपैकी एकीला हॉइल यांच्या स्मरणार्थ 'जॅनिबॅक्टर हॉयली' हे नाव मिळाले. हे जीवाणू पृथ्वीबाहेरचे आहेत असा दावा केला गेला नाही. शिवाय उंचावर सापडणे आणि उंचावर नांदणे यांत अंतर आहे. वाऱ्याने उडालेली धूळही आकाशात असते, म्हणून तिला आकाशाची रहिवासी म्हणत नाहीत. वायुग्रहाच्या कथेतही वाचक हाच प्रश्न विचारील.

गुरूही आपल्या दृष्टिपथाबाहेर नाही. पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, आणि गुरूभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतून निघणारे रेडिओप्रारण तिने टिपलेले आहे.

६

इतकी सामग्री हाताशी असता मराठी विज्ञानकथा तिकडे का वळली नाही? 'केरळ कोकिळ'मधून १९०० च्या सुमारास प्रसिद्ध होऊ लागलेली, व्हर्नवर आधारलेली 'चंद्रलोकची सफर' मराठी विज्ञानसाहित्याच्या आरंभी आहे, म्हणजे प्रारंभच पृथ्वीबाहेर आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेने या प्रकाराला लेखक दिले. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा १९७४ मध्ये त्याच स्पर्धेला टोपणनावाने पाठवली होती. परंतु नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या पिढीचा मुख्य प्रवाह पृथ्वीवरच राहिला: प्रयोगशाळा, रुग्णालय, मंत्रालय, पुण्या-मुंबईची सदनिका. परग्रह आला तरी तो बहुधा आपल्याकडे येतो. 'यक्षांची देणगी' (१९७९) या संग्रहाचे शीर्षकच पाहावे. देणगी देणारे कोठेतरी दूरचे, ती घेणारे येथील.

याला दोष मानण्याचे कारण नाही. या लेखकांना विज्ञानाचा समाजावरील परिणाम दाखवायचा होता आणि समाज येथे होता. तथापि विज्ञानकथेत 'विज्ञान अधिक आणि कथा कमी' असा जो आक्षेप आपल्या समीक्षेने वर्षानुवर्षे घेतला तो मला पटत नाही. अनेकदा विज्ञान एका यंत्रापुरते किंवा एका सिद्धांतापुरते असते. ते स्थळापर्यंत, म्हणजे चूल, पाणी, आवाज, मरण यांच्यापर्यंत पोचत नाही. उणीव असेल तर ती विज्ञानाच्या विस्ताराची आहे.

शिरूर तालुक्यातील सणसवाडी परिसरातील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर वर्गात विज्ञानसाहित्य शिकवताना मी एक स्वाध्याय देत असे: वर सांगितलेल्या अटी पाळून तरंगत्या नगराचे दोन पृष्ठांचे वर्णन लिहा. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरच्या या गावात एका पिढीने शेते पाहिली आणि दुसरीने त्यांच्या जागी कारखाने. बहुतेक वर्णनांत नगराला वेस होती, शिव होती, मध्यभागी मंदिर होते. एका विद्यार्थ्याने मात्र नेमके लिहिले की या नगराला पांढरी आहे, पण काळी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा'त (१९१५) गावाचे हे दोन भाग येतात: राहण्याची पांढरी आणि पिकणारी काळी. काळीवाचून पांढरी कशी असते हे त्या विद्यार्थ्याला कल्पनेने जाणावे लागले नव्हते. त्याच्या घरी सात-बाराचा उतारा होता, त्यावर नाव होते, आणि जमिनीवर पत्र्याची शेड उभी होती. वायुग्रहाची कथा मराठीत लिहिली जाईल तर ती या अनुभवातून, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. लापुटाचे अनुकरण करून ती लिहिता येणार नाही.

भाषेच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या एकेक करून सोडवाव्या लागतील. गुरूचा दिवस दहा तासांहूनही किंचित लहान. 'तिन्हीसांज' तेथे किती वेळ टिकेल? आस जवळजवळ सरळ असल्याने ऋतू नाहीत, म्हणजे बारमासी नाही, पेरणी नाही, वारीची तिथी पावसाशी जोडता येत नाही. त्याचे वर्ष जवळजवळ बारा वर्षांचे, म्हणजे एक तप. ज्या गुरूच्या राशीवरून आपण नाशिकचा सिंहस्थ मोजतो, त्या गुरूवर राहणाऱ्याला मात्र सिंहस्थ नाही. 'वर' आणि 'खाली' या शब्दांचे अर्थही सरकतात: वर गेले की गारठा, खाली गेले की भट्टी, आणि पडणे म्हणजे आपटणे नव्हे, कारण आपटायला काही नाही. पुराणातील सप्तपाताळांना निदान तळ होता आणि तेथे नागांची समृद्ध नगरे होती.

सर्वांत कठीण प्रश्न वर्गात एका विद्यार्थिनीने विचारला: त्या नगरात माणूस गेला तर पुढे काय करायचे? मूठमाती द्यायला माती नाही. दहन करायचे तर जळणार जिवंत माणसांच्या वाट्याचा प्राणवायू. देह खाली सोडून द्यावा, तर त्यातील कर्ब, स्फुरद आणि रक्तातील मोजके ग्रॅम लोखंड नगराला कायमचे अंतरते, आणि अशा नगरात ही चैन कोणाला परवडणार? म्हणजे देह परत वापरावा लागेल, आणि त्यासाठी एक विधी, एक शब्द आणि तो शब्द प्रथम उच्चारणारे एखादे वडीलधारे माणूस लागेल. वर्गाने तासभर त्या शब्दाचा शोध घेतला. 'विसर्जन', 'समर्पण', 'परतफेड' हे फळ्यावर लिहिले गेले आणि पुसले गेले. शेवटी 'पेरणी' हा शब्द राहिला. त्यावरही दोघांनी हरकत घेतली, की ज्या नगरात काळी नाही तेथे हा शब्द कोणाला आठवत असेल?